ब्राउझर बंद असतानाही येणाऱ्या फसव्या पॉप-अप जाहिराती कशा घालवाव्यात?

सुरसागरकाठी

नमस्कार. माझ्या सासूबाई वडोदऱ्यात मांजलपूरला राहतात. त्यांच्या अँड्रॉइड फोनवर गणपतीच्या सुमारापासून फसव्या जाहिरातींनी उच्छाद मांडला आहे. "आपल्या फोनमध्ये व्हायरस शिरला आहे", "आपले बक्षीस अडकून पडले आहे", "बँक खाते आज गोठवले जाईल" अशा सूचना कधी हिंदीत, कधी मोडक्यातोडक्या गुजरातीत फोनच्या वरच्या पट्टीत येत राहतात. त्यांपैकी एखादीवर बोट पडले की क्रोम उघडते आणि पिवळा त्रिकोण, फोनच्या कंपनीचे चिन्ह व उलटी मोजणी करणारे घड्याळ असलेले पान समोर येते. त्यात फोन थरथरू लागतो, त्यामुळे सासूबाई फारच घाबरतात.

रावपुऱ्यातील एका दुकानदाराने फोन फॉरमॅट करण्यावाचून गत्यंतर नाही असे सांगितले. फोनमध्ये नातवंडांचे फोटो आणि बँकेचे ॲप आहे, म्हणून आम्ही ते टाळले. एक फुकटचे अँटिव्हायरस घालून पाहिले, पण त्याने "सर्व काही सुरक्षित आहे" असा निर्वाळा दिला आणि जाहिराती चालूच राहिल्या. फॉरमॅट न करता यातून सुटका होईल का? आणि ब्राउझर उघडलेलाच नसताना या जाहिराती येतात तरी कोठून?

मांडवीकर

फॉरमॅटची घाई करू नका. अशी सूचना पुन्हा आली की तिच्यावर टिचकी मारू नका. ती काही क्षण दाबून धरा. सूचना कोणत्या ॲपने पाठवली ते तेथे दिसते. तेथे क्रोमचे नाव असेल आणि सूचनेतच एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचे नाव बारीक अक्षरांत असेल, तर हा ब्राउझरमधील परवानगीचा मामला आहे. दुसऱ्याच ॲपचे नाव निघाले तर उपाय वेगळा आहे. आणि कोणतीही सूचना नसताना अख्खा पडदा व्यापणारी जाहिरात येत असेल तर त्याचे कारण तिसरेच असते. आधी काय दिसते ते येथे लिहा.

खमणप्रेमी

त्या घड्याळाची मोजणी शून्यावर आल्यावर नेमके काय होते याची मला फार उत्सुकता होती, म्हणून एकदा चहा घेत शांतपणे बघत बसलो. घड्याळ शून्यावर आले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. व्हायरस बराच समजूतदार निघाला.

जुना_अभियंता

खमणप्रेमी यांचा प्रयोग विनोदी असला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर आहे. ब्राउझरमधील कोणतेही पान आपल्या फोनच्या फाइली, फोटो किंवा इतर ॲप्स तपासू शकत नाही, कारण ब्राउझर प्रत्येक पानाला स्वतःच्या कुंपणातच ठेवतो. म्हणून "आम्ही आपला फोन तपासला, त्यात इतके व्हायरस सापडले" असे सांगणारे पान खोटेच असते; तो आकडा आधीपासून तेथे लिहून ठेवलेला असतो. फोनचे मॉडेल त्या पानाला ब्राउझरकडूनच कळते, "वडोदरा" हे नाव ते इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाजाने लिहिते, आणि फोन थरथरवण्याची सोय अँड्रॉइडवरील क्रोम प्रत्येक पानाला देतोच. या तीन साध्या गोष्टी एकत्र आल्या की माणसाला वाटते, हे आपल्या फोनच्या आत शिरले आहेत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. एखाद्या पानाने "सूचना दाखवू का?" असे विचारल्यावर आपण "अलाऊ" दाबले की ते संकेतस्थळ ब्राउझरमध्ये आपला एक छोटा प्रोग्रॅम नोंदवते. त्यानंतर ते पान बंद असो वा क्रोम बंद असो, त्यांनी पाठवलेला मजकूर थेट फोनच्या सूचनांमध्ये उतरतो. वृत्तपत्रे, टपालसेवा आणि क्रिकेटच्या धावसंख्येसाठी केलेली ही सोय आहे. ठग तिचाच उपयोग करतात. यात व्हायरस नसल्यामुळे अँटिव्हायरसला काही सापडत नाही, आणि म्हणूनच त्याने सर्व सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला.

उपाय असा. क्रोम उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्जमध्ये जा, तेथून साइट सेटिंग्ज आणि त्यातील नोटिफिकेशन्स उघडा. ज्या संकेतस्थळांना परवानगी दिलेली आहे त्यांची यादी तेथे दिसेल. ओळखीचे नाव नसलेले प्रत्येक संकेतस्थळ उघडून त्याची परवानगी काढून टाका. त्याच साइट सेटिंग्जमध्ये "पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स" हा पर्याय असतो. तो बंद स्थितीत आहे ना हेही पाहा. इतक्या कामासाठी फोन फॉरमॅट करणे मला अवाजवी वाटते.

दांडियाबाजार

जुना_अभियंता यांनी सांगितलेली यादी मी प्रत्यक्ष पाहिली आहे. आमच्या भजनी मंडळात काही जणींना हाच त्रास होत होता, म्हणून एका शुक्रवारी भजन संपल्यावर सर्वांचे फोन घेऊन बसले. जवळजवळ प्रत्येक फोनच्या यादीत तीच दोन-तीन संकेतस्थळे होती, आणि त्यांची नावे म्हणजे कोणत्याही भाषेत अर्थ न लागणारी अक्षरांची रांग होती. शोध घेतल्यावर उलगडा झाला: गणपतीत कोणीतरी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आरतीसंग्रह उतरवून घेण्याचा एक दुवा टाकला होता. तो उघडला की आरतीऐवजी एक रोबोटचे चित्र येई आणि "आपण मनुष्य आहात हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा" असे सांगितले जाई. आरती कोणालाच मिळाली नाही, सूचना मात्र सर्वांना मिळू लागल्या.

सुरसागरकाठी, आपल्या सासूबाईंचा त्रासही गणपतीच्याच सुमारास सुरू झाला असे आपण लिहिले आहे, म्हणून विचारते, त्या मांजलपूरच्या एखाद्या महिला मंडळात आहेत का?

अनुस्वार

एवढी यातायात करण्यापेक्षा आयफोन घेऊन द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात हे प्रकार होत नाहीत.

मांडवीकर

अनुस्वार, आयफोनमध्ये हा विशिष्ट प्रकार कमी होतो हे मान्य. आयओएस १६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून, तेथेही संकेतस्थळांना सूचना पाठवता येतात, पण त्यासाठी ते संकेतस्थळ आधी होम स्क्रीनवर ठेवावे लागते, त्यामुळे एका बोटाच्या चुकीने ही परवानगी दिली जात नाही. परंतु व्हायरसची भीती घालणारी पाने सफारीतही उघडतात, आणि तेथे कॅलेंडरचा वेगळाच उपद्रव आहे. एखाद्या पानाने पुढे केलेले कॅलेंडर "सबस्क्राइब" केले गेले की रोज "आपला फोन असुरक्षित आहे" अशा भेटीगाठींची आठवण वाजू लागते. कॅलेंडर ॲपमध्ये खालच्या "कॅलेंडर्स" या शब्दावर जाऊन ते अनोळखी कॅलेंडर काढून टाकले की ती बंद होते. एकेक नोंद पुसत बसल्याने काही साधत नाही. माझ्या मेव्हण्याने हा खटाटोप पुष्कळ दिवस केला, आणि तो आयफोनच वापरतो.

खमणप्रेमी

म्हणजे अँड्रॉइडवाल्यांना व्हायरस येतो आणि आयफोनवाल्यांना व्हायरसची अपॉइंटमेंट मिळते.

सुरसागरकाठी

सर्वांचे आभार. दांडियाबाजार, आपला अंदाज खरा ठरला; सासूबाई मंडळात आहेत आणि तो दुवा त्यांच्याकडेही आला होता. क्रोमच्या यादीत ती निरर्थक नावे होती, ती सर्व काढली आणि वरच्या पट्टीतल्या सूचना त्याच दिवशी थांबल्या.

परंतु प्रश्न पुरता सुटलेला नाही. आज सकाळी त्यांनी फोन उघडताच कोणतीही सूचना न येता अख्खा पडदा भरून एका जुगाराच्या खेळाची जाहिरात आली. बंद करण्याची फुली इतकी बारीक आणि पुसट होती की ती शोधेपर्यंत दुसरे पान उघडले. क्रोम तेव्हा उघडलेलेच नव्हते. हेच मांडवीकर यांनी सांगितलेले तिसरे कारण असावे.

मांडवीकर

होय, तेच. आता संशय एखाद्या ॲपवर आहे. अँड्रॉइड १० पासून पाठीमागे चालणाऱ्या ॲपला आपणहून पडदा व्यापण्यास मनाई आहे, परंतु ज्या ॲपला "डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स" ही परवानगी मिळालेली असते त्याला ही मनाई लागू होत नाही. म्हणून फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग "स्पेशल ॲप ॲक्सेस" या भागात जाऊन ही परवानगी कोणाकोणाकडे आहे ते पाहा. विजेरी, वॉलपेपर, क्यूआर स्कॅनर, "क्लीनर" किंवा "बॅटरी सेव्हर" अशा ॲपला तिची काहीही गरज नसते.

गुन्हेगार रंगेहाथ पकडण्याची एक युक्तीही सांगतो. जाहिरात पडद्यावर असतानाच, ती बंद न करता, नुकतीच वापरलेली ॲप्स दाखवणारे बटण दाबा. त्या जाहिरातीचे पत्त्यासारखे छोटे चित्र दिसेल आणि त्याच्या वर तिच्या धन्याचे चिन्ह असेल. तेही फसले तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये "पॉवर ऑफ" हा पर्याय दाबून धरला की ती सोय मिळते. सेफ मोडमध्ये आपण नंतर घातलेली ॲप्स चालत नाहीत. तेथे जाहिरात आली नाही, तर दोष त्यांपैकीच एकाचा आहे हे नक्की.

एखादे ॲप काढू पाहिल्यावर "अनइन्स्टॉल" हे बटण फिकट दिसत असेल, तर त्याने डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनवर नियंत्रण ठेवण्याचा खास अधिकार मिळवलेला असतो. आधी तो काढून घ्या, मग ॲप निघेल.

निवृत्त_मास्तर

माझे मत कदाचित कोणाला रुचणार नाही, तरी लिहितो. ज्यांना "अलाऊ" आणि "ब्लॉक" यांतील फरक कळत नाही त्यांच्या हाती स्मार्टफोन देणेच अनुचित आहे. बोलण्यापुरता बटणांचा साधा फोन द्यावा, म्हणजे हे सर्व प्रश्न मुळापासून मिटतील. मी स्वतः तोच वापरतो आणि हा धागा संगणकावर वाचतो आहे.

दांडियाबाजार

मास्तर, आपल्याविषयी आदर ठेवून असहमती नोंदवते. आमच्या मंडळातील बहुतेक जणींची मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात आहेत, आणि नातवंडाचे तोंड दिसते ते या फोनवरच. गॅसची नोंदणी, दवाखान्याची वेळ आणि वीजबिल सगळे त्यातच आले. तो फोन काढून घेणे म्हणजे त्यांना घरात बसवणे होय. शिवाय "मनुष्य असल्याचे सिद्ध करा" असे विचारणारी खरी पानेही असतातच. बँकेचे, रेल्वेचे आणि सरकारी पान तेच करायला लावते. रोज खऱ्या पानांनी जी सवय लावली तिचाच फायदा ठगाने घेतला, तर त्यात त्या बाईंचे अज्ञान कोठे आले?

जुना_अभियंता

मी दांडियाबाजार यांच्या बाजूचा आहे. हे मासे गळाला लागतात कारण गळ हुशारीने टाकलेला असतो. ब्राउझर बनवणाऱ्यांनाही ते उमगले आहे. क्रोमने २०२० मध्ये अशा विनंत्या मोठ्या खिडकीऐवजी आडबाजूला दाखवण्याची सोय केली. २०२४ मध्ये अँड्रॉइडवरील सूचनेतच एका टिचकीने "अनसबस्क्राइब" करण्याचे बटण आणण्यास सुरुवात झाली, आणि ठकवणाऱ्या संकेतस्थळांच्या परवानग्या आपणहून काढून घेण्याचे कामही क्रोममधील सुरक्षातपासणी म्हणजे "सेफ्टी चेक" करू लागले. हे सर्व मिळण्यासाठी क्रोम अद्ययावत हवे, आणि वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये नेमके तेच राहून जाते, कारण साठवणीची जागा "सुप्रभात"च्या चित्रांनी भरलेली असते.

पॉप-अप या प्रकाराची सुरुवातही मोठ्या सद्हेतूने झाली होती. इथन झकरमन हे १९९०च्या दशकात ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी काम करत होते. तेथे लोक आपापली पाने बनवत असत, आणि आक्षेपार्ह पानावर आपली जाहिरात दिसली म्हणून एका मोटारकंपनीने गोंधळ केला. तेव्हा जाहिरात पानापासून सुटी दिसावी म्हणून त्यांनी ती वेगळ्या खिडकीत उघडणारा प्रोग्रॅम लिहिला. २०१४ मध्ये त्यांनी लेख लिहून त्याबद्दल जाहीर क्षमाही मागितली.

खमणप्रेमी

क्षमेचा तो लेख उघडताना पॉप-अप येतो का, हे कोणी तपासले आहे काय?

फतेगंज_३९०००२

मी या धाग्यावर वेगळा उपाय सुचवतो. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये जाहिरातरोधक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घालता येत नाही, पण फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन घालता येते, आणि ब्रेव्ह या ब्राउझरमध्ये ती सोय मुळातच असते. ब्राउझर बदलणे अवघड वाटत असेल, तर अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" असा रकाना आहे. तेथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचे नाव एकदा लिहिले की पुष्कळ जाहिरात-सर्व्हरांचे पत्तेच फोनला सापडत नाहीत, त्यामुळे ॲप्समधील जाहिरातींनाही बराच चाप बसतो. मी घरातील सर्व फोनांवर हेच केले आहे. एक अडचण सांगून ठेवतो: स्थानकावर किंवा हॉटेलात ज्या वायफायला आधी लॉगिनचे पान उघडावे लागते, तेथे ते पान कधीकधी उघडत नाही आणि ही सोय तात्पुरती बंद करावी लागते.

अक्षरयात्री

फतेगंज, मी एक लहानसे मराठी संकेतस्थळ चालवतो. गुजरातेतील मराठी वाचकांसाठी पाककृती, पंचांग आणि जुन्या लेखांचे पुनर्मुद्रण असे त्याचे स्वरूप आहे. सर्व्हरचा खर्च जाहिरातींतूनच निघतो. सरसकट सगळे अडवले तर ठगांबरोबर आम्हीही जातो. ठग दुसरी वाट शोधतील, आम्हाला ती नाही.

फतेगंज_३९०००२

आपली अडचण मला समजते. पण आपल्या पानावरील चौकटीत कोणती जाहिरात येणार हे आपण तरी कोठे ठरवता? ती जागा जाहिरात-जाळ्यामार्फत क्षणार्धात विकली जाते, आणि त्या साखळीत एखादा ठग शिरला की वाचक आपल्या पंचांगावरून थेट जुगाराच्या पानावर जाऊन आदळतो. वाचकाच्या नजरेत दोष आपलाच.

अक्षरयात्री

हे दोनदा घडलेले आहे आणि वाचकांची पत्रेही आली आहेत. तक्रार केल्यावर जाळ्याने ती जाहिरात काढली, मात्र कोणाची होती हे सांगितले नाही. तरीही माझी विनंती एवढीच की ज्या संकेतस्थळावर आपण रोज जाता त्याला सूट द्यावी. प्रायव्हेट डीएनएसमध्ये अशी सूट एकेका संकेतस्थळाला सहजी देता येत नाही, यूब्लॉकमध्ये येते, म्हणून मला दुसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो.

निजामपुरा_सी_ए

आतापर्यंत सर्वांनी जाहिराती घालवण्याविषयी लिहिले, पण त्या जाहिरातीवर विश्वास ठेवून कोणी पुढे गेले असेल तर काय करावे हे कोणी लिहिलेले नाही. माझ्याकडे येणाऱ्या मंडळींत असे प्रसंग पाहिले आहेत, म्हणून लिहितो.

त्या पानावरून एखादी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप घालण्याची फाइल) उतरवून घातली गेली असेल, तर आधी फोनचे इंटरनेट बंद करा, ते ॲप काढा, आणि बँकेचा पासवर्ड व यूपीआयचा पिन दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी तक्रार पोहोचली तरच ती गोठवण्याची शक्यता असते. त्याच वेळी बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा व बँकेचा दोष नसलेल्या व्यवहाराची सूचना बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून "घरच्यांना काय सांगू" या विचारात रात्र काढणे सर्वांत महाग पडते.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. काही पॉप-अपमधून मोबाइल कंपनीची एखादी मूल्यवर्धित (जादा पैसे आकारणारी) सेवा सुरू होते आणि प्रीपेडचे पैसे थोडेथोडे कापले जातात. ती १५५२२३ या क्रमांकावरून बंद करता येते. सासूबाईंचा शिल्लक बॅलन्स एकदा पाहून घ्यावा.

निवृत्त_मास्तर

सी. ए. साहेबांनी लिहिलेली शेवटची बाब मला नवीन होती. माझ्या साध्या फोनमधूनही मध्यंतरी असेच पैसे कापले जात होते, आणि मी कंपनीच्या नावाने बोटे मोडत होतो. मूळ मतावर मी ठाम आहे, परंतु साधा फोन म्हणजे संपूर्ण सुरक्षितता नव्हे हे मान्य करतो.

सुरसागरकाठी

मांडवीकर यांची युक्ती लागू पडली. जाहिरात येताच अलीकडच्या ॲप्सचे बटण दाबले, तर वर एका क्यूआर स्कॅनरचे चिन्ह होते. "डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स"च्या यादीतही तेच सापडले. भाजीवाल्याला पैसे देता यावेत म्हणून हे ॲप हवे, असे सांगून कोणीतरी ते घालून दिले होते. वास्तविक पैसे देण्याच्या ॲपमध्येच स्कॅनर असतो. ते काढले, प्ले स्टोअरमधील प्ले प्रोटेक्टने एकदा तपासणीही करून घेतली. फुकटच्या अँटिव्हायरसलाही निरोप दिला, कारण ते स्वतःच दिवसातून अनेकदा "फोन मंदावला आहे" असे बजावत होते. शिल्लक बॅलन्स व्यवस्थित आहे. कालपासून एकही जाहिरात आलेली नाही.

शेवटची एक शंका. क्रोममधील नोटिफिकेशन्सची सोयच पूर्ण बंद करून ठेवली, म्हणजे कोणतेच संकेतस्थळ विचारणारही नाही, तर बँकेचे किंवा व्हॉट्सॲपचे संदेश येणे थांबेल का?

जुना_अभियंता

थांबणार नाही. बँक आणि व्हॉट्सॲप ही स्वतंत्र ॲप्स आहेत व त्यांच्या सूचनांचा क्रोमशी संबंध नाही. म्हणून तेथील मुख्य बटण खुशाल बंद करा. मात्र ते क्रोमच्या आतील साइट सेटिंग्जमधूनच बंद करा. फोनच्या सेटिंग्जमधून क्रोमच्या सर्वच सूचना बंद केल्या तर फाइल उतरवताना दिसणारी प्रगतीची पट्टीही दिसेनाशी होते, आणि मग "फाइल येतच नाही" म्हणून सासूबाईंचा पुन्हा फोन येईल.

दांडियाबाजार

आमच्या मंडळाच्या गटावरून तो दुवा मी काढायला लावला आहे. मांजलपूरच्या गटाच्या ॲडमिन कोण आहेत ते सासूबाईंना विचारून कळवावे, म्हणजे तेथीलही काढून घेता येईल. आरतीसंग्रहाची छापील पुस्तिका मंडळात शिल्लक आहे, ती पाठवून देते.